श्विटर्सचे कागद पाहायचे कुठे?

एखाद्या चित्रकाराची कृती अमुक संग्रहालयात आहे आणि ती तेथे पाहायला मिळते, या दोन विधानांचा अर्थ तैलचित्रांच्या बाबतीत बहुधा एकच होतो. कोलाजच्या बाबतीत मात्र त्यांच्यात बरेच अंतर पडते. कागद, कापड, तिकिटे, वेष्टने आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांपासून घडलेली कृती प्रकाशात फार काळ तग धरत नाही, त्यामुळे संग्रहालय तिला काही महिनेच भिंतीवर आणते आणि मग वर्षानुवर्षे अंधाऱ्या भांडारात ठेवून देते. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताच्या बाबतीत या अडचणीत आणखी एका गोष्टीची भर पडते. त्याच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे नात्सी राजवटीच्या सावटाखाली आणि परागंदा अवस्थेत गेली, त्याच्या मोठ्या कामांपैकी काही बाँबहल्ल्यात, काही आगीत आणि काही सरकारी जप्तीत नष्ट झाली, आणि जे उरले ते ज्या वाटांनी तो किंवा त्याचे चाहते गेले त्या वाटांवर विखुरले. म्हणून श्विटर्सची कोणती कृती कोणत्या शहरात आहे हे सांगताना ती तेथे का आहे हेही सांगावे लागते. किंबहुना तो दुसरा भाग कळल्याशिवाय पहिल्याला नुसत्या पत्त्यांपलीकडे अर्थ राहत नाही.

कोलाज म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले तयार तुकडे एका पृष्ठभागावर चिकटवून केलेली रचना. हौशी मंडळींच्या वह्यांमधून अशी चिकटकामे पूर्वीपासून होत आली असली, तरी गंभीर चित्रकलेत त्यांचा प्रवेश १९१२ साली झाला, जेव्हा पाब्लो पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड आपल्या एका स्थिरचित्रात चिकटवले आणि जॉर्ज ब्राकने लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कोळशाच्या रेखाटनात वापरला. पिकासोची ती लहानशी कृती पॅरिसमधील पिकासो संग्रहालयात आहे आणि या माध्यमाचा आरंभबिंदू म्हणून ती पाहण्यासारखी आहे. मात्र पिकासो आणि ब्राक यांच्याकडे चिकटवलेला कागद पाहुणा म्हणून येतो, घर चित्रकलेचेच राहते. श्विटर्सने ते घरच कागदाच्या नावावर करून दिले. रंग, कुंचला, लाकूड, तार, केस, बसचे तिकीट आणि चॉकलेटचे वेष्टन यांपैकी कोणतीही वस्तू दुसरीपेक्षा श्रेष्ठ नाही आणि त्यांच्यात साधलेला तोल हाच चित्राचा विषय आहे, अशी त्याची भूमिका होती आणि ती त्याने जवळजवळ तीस वर्षे सोडली नाही.

श्विटर्सचा जन्म २० जून १८८७ रोजी उत्तर जर्मनीतील हानोव्हर शहरात झाला. ड्रेस्डेनच्या कला अकादमीत त्याने रीतसर वास्तववादी शिक्षण घेतले, पहिल्या महायुद्धाच्या काळात हानोव्हरजवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात आरेखक म्हणून काम केले आणि १९१८मध्ये बर्लिनच्या ‘देर श्टुर्म’ या नव्या कलेच्या अग्रगण्य दालनात तो प्रदर्शित होऊ लागला. युद्ध हरलेल्या, महागाईने आणि राजकीय उलथापालथीने पोखरलेल्या जर्मनीत रस्त्यावर जे पडलेले होते तेच त्याने उचलले. १९१९मधील एका चित्रात त्याने ‘कोमेर्त्स उंड प्रिव्हाटबँक’ या बँकेच्या जाहिरातीतून कापलेली ‘मेर्त्स’ ही अक्षरे चिकटवली आणि पुढे आपल्या साऱ्या कामाला, काढलेल्या नियतकालिकाला आणि अखेर स्वतःलाही तेच नाव दिले. बर्लिनच्या दादावादी मंडळींनी, म्हणजे युद्धोत्तर काळात सर्व प्रस्थापित कलामूल्यांची टर उडवणाऱ्या गटाने, त्याला आपल्यात घेतले नाही. त्यांच्या दृष्टीने तो फार घरगुती, फार मध्यमवर्गीय आणि राजकारणापासून फार दूर होता. त्यांचा आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. श्विटर्स आईवडिलांच्या घरात राहत होता आणि त्याच घरात, जाहिरातींच्या मांडणीची कामे घेऊन पोट भरत, त्याने आपले सर्वांत विलक्षण काम उभे केले.

संग्रहालयात जाण्यापूर्वी त्याच्या कामाचे तीन प्रकार वेगळे ओळखता येणे उपयोगी ठरते, कारण कोणती कृती भिंतीवर सापडण्याची शक्यता किती, हे त्यावरच ठरते. पहिला प्रकार ‘मेर्त्स चित्रां’चा. यांत लाकडाच्या फळ्या, चाके, जाळी, दोरी, पत्रा अशा जाड वस्तू रंगवलेल्या फलकावर ठोकलेल्या किंवा चिकटवलेल्या असतात, चित्र भिंतीपासून पुढे येते आणि कलासमीक्षेत अशा रचनेला असेम्ब्लाज, म्हणजे वस्तूंची जुळणी, असे म्हणतात. ही चित्रे आकाराने मोठी आणि त्यातल्या त्यात टिकाऊ असल्याने संग्रहालयांच्या कायमस्वरूपी मांडणीत सहसा हीच दिसतात. दुसरा प्रकार ‘मेर्त्स रेखाटनां’चा. नाव रेखाटन असले तरी त्यात रेघ क्वचितच ओढलेली असते. तळहाताएवढ्या किंवा वहीच्या पानाएवढ्या कागदावर चिकटवलेले हे कागदच श्विटर्सच्या कामाचा गाभा आहेत, आणि नेमके तेच सर्वांत कमी दिसतात. तिसरा प्रकार वास्तूंचा, ज्यांत त्याने खोल्याच कोलाज म्हणून घडवल्या, आणि त्यांची कहाणी पुढे येईल.

मेर्त्स रेखाटने दुर्मीळ का दिसतात याचे कारण रसायनशास्त्रात आहे. वर्तमानपत्राचा आणि स्वस्त वेष्टनांचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्यात लिग्निन नावाचे, लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य राहून जाते; प्रकाश आणि हवा लागली की त्यात आम्लता वाढते, कागद पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी ठिसूळ होऊन तुटतो. छपाईच्या स्वस्त शाया उडतात, आणि एकाच कृतीतले दहा कागद दहा वेगवेगळ्या गतींनी बदलतात. श्विटर्स कागद पिठाच्या खळीने चिकटवत असे, ती खळही दमटपणाला आणि कसरीला आमंत्रण देते. म्हणून संग्रहालये अशा कृतींवर पडणारा प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात. लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक असून उघड्यावरच्या भर दुपारी तिचा आकडा एक लाखाच्या आसपास जातो. दालनातल्या त्या मंद उजेडाचा राग येणे स्वाभाविक असले, तरी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आज दिसणारे रंग १९२०चे नव्हेत. पिकल्या पानासारखा जो तपकिरी सूर श्विटर्सच्या कोलाजांत सर्वत्र जाणवतो आणि ज्याच्यावर हळव्या शब्दांत पुष्कळ लिहिले जाते, त्याचा काही भाग कलावंताचा आणि काही भाग निव्वळ काळाचा आहे. मूळ कृती पुष्कळदा भडक, ताज्या जाहिरातीसारखी असणार.

पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. श्विटर्स आपली रेखाटने मोठ्या कागदावर डकवून खाली पेन्सिलीने क्रमांक, शीर्षक आणि वर्ष लिहीत असे, आणि ते शीर्षक बहुधा कोलाजमध्येच कुठे तरी अर्धवट कापलेल्या एखाद्या शब्दातून घेतलेले असे. चौकटीच्या आतल्या पुठ्ठ्याने ती पेन्सिलीची ओळ झाकलेली नसेल, तर तिच्यापासून सुरुवात करून तो शब्द शोधत वर जाणे हा या कृती वाचण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

श्विटर्सचे सर्वांत मोठे भांडार त्याच्या जन्मगावी, हानोव्हरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात आहे. बर्नहार्ट श्प्रेंगेल या चॉकलेट उत्पादकाने आपला आधुनिक कलेचा संग्रह १९६९मध्ये शहराला दिला, त्यासाठी माश्झे तलावाच्या काठी बांधलेली इमारत १९७९मध्ये उघडली आणि ज्या चौकात ती उभी आहे त्याला आता श्विटर्सचेच नाव आहे. २००१मध्ये स्थापन झालेल्या कुर्ट आणि एर्न्स्ट श्विटर्स प्रतिष्ठानामुळे, एर्न्स्ट हा त्याचा मुलगा, कुटुंबाकडे राहिलेला मोठा वारसा येथे एकत्र आला. श्विटर्सच्या सर्व ज्ञात कृतींची त्रिखंडी सूचीही याच संग्रहालयातील अभ्यासकांनी तयार केली. त्यामुळे आरंभीच्या निसर्गचित्रांपासून इंग्लंडमधील अखेरच्या कोलाजांपर्यंतचा सारा प्रवास एका छताखाली पाहायचा असेल तर हानोव्हरला पर्याय नाही.

याच इमारतीत ‘मेर्त्सबाऊ’ची पुनर्रचना आहे. मेर्त्सबाऊ, म्हणजे मेर्त्सची वास्तू, हे श्विटर्सने वाल्डहाउझेनश्ट्रास रस्त्यावरील क्रमांक ५च्या घरात १९२३च्या सुमारास सुरू केलेले काम. आरंभी तो टाकाऊ वस्तूंचा एक स्तंभ होता. पुढे त्याला लाकडाचे आणि गिलाव्याचे कंगोरे फुटत गेले, स्तंभाने खोली व्यापली आणि १९३७पर्यंत काम घरातल्या इतर खोल्यांतही पसरले. आतल्या बाजूस कपारी होत्या आणि एकेक कपार एकेका मित्राला वाहिलेली होती. हान्स रिश्टर या मित्राने आपल्या आठवणींत लिहिल्याप्रमाणे त्यांत रिश्टरच्याच केसांची बट, वास्तुकार मीस फान देर रोहे याची पेन्सिल, कुणाची अर्धी ओढलेली सिगारेट आणि कुणाच्या नखाची कपची अशा वस्तू ठेवलेल्या असत. काम पुढे सरके तशा या कपारी नव्या थरांखाली गाडल्या जात. ८ ऑक्टोबर १९४३च्या रात्री दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी हानोव्हरवर केलेल्या बाँबहल्ल्यात घरासह हे सर्व नष्ट झाले.

आज दिसते ती खोली स्विस रंगमंच नेपथ्यकार पेटर बिसेगर याने १९८१ ते १९८३ या काळात, हाराल्ट झेमान याने योजलेल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी बांधली. तिला आधार मुख्यतः तीन छायाचित्रांचा, जी व्हिल्हेल्म रेडेमान याने १९३३मध्ये काढली होती, आणि एर्न्स्टच्या आठवणींचा. माणूस तीत शिरला की पांढरे सुळके, टोकदार कोन आणि अंगावर येणारे कंगोरे पाहून चकित होतो; ते व्हायलाच हवे. तरीही हे काम पाहताना थोडे सावध राहिलेले बरे. ती एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट कोनातून टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रांची घनरूप प्रतिकृती आहे. जे काम चौदा वर्षे कधी थांबले नाही, ते येथे एका क्षणी थांबलेले दिसते. नखे, केस आणि सिगारेटी यांची घाण, गुपिते आणि विनोद जाऊन जे उरते ते फार स्वच्छ आहे. मेर्त्सबाऊ केवढी होती हे बिसेगरच्या खोलीवरून कळते, ती काय होती हे मात्र रिश्टरच्या चार ओळींवरून अधिक कळते.

एरवी जर्मनीत श्विटर्स विरळच सापडतो, असे वाटण्याइतकी त्याची हानी तेथे झाली. ज्या चित्रावरून ‘मेर्त्स’ हे नाव आले ते ड्रेस्डेनच्या नगर संग्रहालयाने १९२०च्या सुमारास घेतले होते. नात्सींनी ते जप्त केले आणि जुलै १९३७मध्ये म्युनिकला भरवलेल्या ‘अधःपतित कला’ या प्रदर्शनात दादाच्या भिंतीवर मुद्दाम तिरपे टांगले. पुढे त्याचा ठावठिकाणा राहिला नाही. आधुनिक कलेची हेटाळणी करण्यासाठीच भरवलेल्या त्या प्रदर्शनाच्या आधी काही महिने, जानेवारीतच, श्विटर्स नॉर्वेला निघून गेला होता. वाचलेल्यांपैकी दोन महत्त्वाच्या कृती जर्मनीत आवर्जून पाहाव्यात. श्टुटगार्टच्या राज्य कलादालनातील ‘दास उंडबिल्ट’ ही १९१९ची लहान कृती, जिच्यात ‘आणि’ या अर्थाचा जर्मन शब्द ठळक अक्षरांत येतो आणि दोन गोष्टी जोडण्याची क्रियाच चित्राचा नायक बनते. आणि ड्युसेलडॉर्फच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन कलासंग्रहातील १९२०चे ‘तारकाचित्र’, ज्यात दोरी, जाळी आणि मथळ्यांचे तुकडे आकाशातल्या नक्षत्रांसारखे विखुरलेले आहेत. लाल अक्षरांत ‘कामगार’ हा शब्द मिरवणारे त्याच वेळचे भव्य चित्र मात्र स्टॉकहोमच्या मॉडेर्ना म्युझेटमध्ये गेले आहे. माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात ‘काइकडाउन’ नावाची १९२३ची लाकडी जुळणी आहे. हेगजवळच्या ज्या समुद्रकिनाऱ्याचे नाव तिला आहे, तेथे श्विटर्स डच मित्र थेओ फान डूसबुर्गबरोबर नेदरलँड्समध्ये दादाच्या मैफिली करत फिरला तेव्हा गेला होता. व्हेनिसला पेगी गुगेनहाइमच्या संग्रहात १९३०ची ‘माराक’ दिसते, तिच्यावर एक मीनाकामाचे फुलपाखरू आहे.

अमेरिकेत श्विटर्स लवकर आणि भरपूर पोहोचला याचे श्रेय एका बाईला जाते. कॅथरीन ड्रायर हिने १९२०मध्ये मार्सेल द्युशाँ आणि मॅन रे या कलावंतांच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये ‘सोसिएते अनोनीम’ ही आधुनिक कलेचा प्रसार करणारी संस्था काढली, त्याच सुमारास बर्लिनमध्ये श्विटर्सचे काम पाहिले आणि पुढे आयुष्यभर ते विकत घेतले. संस्थेचा संग्रह १९४१मध्ये येल विद्यापीठाकडे गेला, म्हणून न्यू हेवन या लहान शहरातील येल कलादालनात श्विटर्सच्या आरंभीच्या कोलाजांचा असा साठा आहे, जो कित्येक राजधान्यांमध्ये नाही. ड्रायरच्या मृत्यूनंतर तिचा खाजगी संग्रह वाटून देण्याचे काम द्युशाँने केले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील ‘मेर्त्स १६३’ आणि वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहातील ‘किरणांचे जग’ या कृती त्या वाटणीतून आलेल्या आहेत. ज्या काळात जर्मनीतील संग्रहालये श्विटर्सला भिंतीवरून उतरवत होती त्याच काळात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा, म्हणजे ‘मोमा’चा, संचालक आल्फ्रेड बार त्याच्या कृती आणि मेर्त्सबाऊची छायाचित्रे १९३६च्या प्रदर्शनांतून मांडत होता, हा योगायोग नव्हे. विस्थापितांची कला जशी त्यांच्याबरोबर अटलांटिक ओलांडून गेली, तशी काही कला तिच्या कर्त्याच्या आधीच गेली. कर्त्याला मात्र अमेरिकेला जाता आले नाही.

मोमामध्ये श्विटर्सच्या दोन मोठ्या मेर्त्स कृती आहेत आणि त्यांपैकी १९२१चे ‘चेरीचित्र’ हे त्याच्या कामाशी पहिली ओळख करून घेण्यासाठी सर्वांत योग्य ठरावे. साधारण ९२ सेंटिमीटर उंच आणि ७० सेंटिमीटर रुंद अशा या फलकावर कापड, लाकूड, बूच आणि छापील कागद यांचे थरावर थर चढलेले आहेत. खालचे कागद गडद सावलीत जातात, वरचे उजेडात येतात आणि त्यामुळे एरवी सपाट असणाऱ्या माध्यमात खोल विहिरीत डोकावल्याचा भास होतो. मध्याजवळ मुलांना शब्द शिकवण्याच्या संचातील एक पत्ता आहे, त्यावर चेरीची लाल फळे आणि त्यांची जर्मन व फ्रेंच नावे छापलेली आहेत, आणि त्याच पत्त्यावर हाताने प्रेमाची एक कबुली लिहिलेली आहे, जिचे जर्मन व्याकरण चुकीचे आहे. प्रेमाची कबुली, शाळकरी चूक आणि बाजारात छापलेले फळ या तीन गोष्टी एका इंचाच्या अंतरात आणणे ही श्विटर्सची खास करामत. १९१९ची दुसरी कृती, ‘भ्रमण’, तीत लाकडी आणि धातूची कडी रंगवलेल्या कॅनव्हासवर फिरल्यासारखी बसवलेली आहेत. ती अधिक गंभीर, यंत्रयुगाच्या स्वप्नाच्या जवळची आहे आणि युद्धकाळात कारखान्यात यंत्रांची आरेखने करणाऱ्या माणसाचा हात तीत ओळखू येतो.

कागदी रेखाटने भिंतीवर नसतील तरी ती पाहण्याचा एक मार्ग असतो आणि तो फार थोडे प्रवासी वापरतात. मोमा आणि येलसारख्या संग्रहालयांत कागदावरील कामांसाठी अभ्यासकक्ष असतात. आगाऊ कळवून वेळ ठरवली आणि कोणत्या कृती पाहायच्या आहेत ते सूचीतील क्रमांकांसह सांगितले, तर त्या भांडारातून काढून टेबलावर ठेवल्या जातात. दालनातील गर्दी, काचेवरचे प्रतिबिंब आणि दोन हातांचे अंतर या तिन्ही अडचणी तेथे उरत नाहीत, आणि तळहाताएवढ्या कोलाजमधले ट्रामच्या तिकिटावरचे पंचाचे भोक दिसू लागते. प्रवासाची तिकिटे काढण्याआधी संग्रहालयाच्या सूचीत त्या कृतीपुढे ती सध्या प्रदर्शनात आहे की नाही याची नोंद पाहावी, हा सल्ला किरकोळ वाटला तरी कोलाजच्या बाबतीत तो टाळणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

नॉर्वेत श्विटर्स पर्यटक म्हणून जाई तेव्हापासूनच, म्हणजे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून, मोल्ड या गावासमोरच्या येर्टोया बेटावर त्याने एक लहानशी दगडी झोपडी उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतली होती आणि तिच्या आतल्या भिंती कागदांनी व गिलाव्याच्या कंगोऱ्यांनी मढवल्या होत्या. नंतर दशकानुदशके ती उघड्यावर पडली, भिंतींचे पापुद्रे गळून गेले. जे उरले ते काढून, त्यावर जतनाची प्रक्रिया करून मोल्डच्या रोम्सदाल संग्रहालयात ठेवण्यात आले आहे. ऑस्लोजवळच्या लीसाकरला, जेथे तो १९३७ ते १९४० राहिला, त्याने दुसरी मेर्त्सबाऊ बांधली होती. ती १९५१मध्ये आगीत गेली आणि तिचे काहीच राहिले नाही.

१९४०च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले तेव्हा श्विटर्स मुलासह उत्तरेकडे पळाला आणि ‘फ्रिट्यॉफ नान्सन’ या बर्फफोड्या जहाजातून जूनमध्ये स्कॉटलंडला पोहोचला. ब्रिटिश सरकारने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरील हचिन्सन छावणीत ठेवले. तेथे त्याने नाश्त्याच्या उरलेल्या लापशीचीही शिल्पे केली, ज्यांना बुरशी चढून वास सुटल्याच्या कथा सहबंदी पुढे सांगत. नोव्हेंबर १९४१मध्ये सुटका झाल्यावर तो लंडनला आणि १९४५मध्ये उत्तर इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील अॅम्बलसाइड या गावी राहू लागला. या आठ वर्षांचा, आणि त्याआधीच्या नॉर्वेतील वर्षांचाही, ठसा ब्रिटनमधील संग्रहालयांत आहे. लंडनच्या टेटमधील ‘दोन लहान कुत्र्यांसह चित्र’ या कृतीचा आरंभ १९२०मध्ये हानोव्हरला झाला होता. श्विटर्सने ती नॉर्वेला नेली आणि १९३९पर्यंत तिच्यावर नॉर्वेजियन पावत्या, नाटकाची तिकिटे आणि कात्रणे यांचे नवे थर चढवले, एका खोबणीत चिनी मातीची दोन कुत्री बसवली. एकाच फलकावर एका माणसाचे दोन देश वाचता येतात अशी दुसरी कृती सहज आठवत नाही. टेटकडेच ‘कस्टम्सने उघडलेले’ हे १९३७–३८चे कोलाज आहे, ज्यात जर्मनीहून आलेल्या पार्सलांवरच्या जकात खात्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. राजकारणापासून दूर राहणारा म्हणून ज्याला बर्लिनच्या मित्रांनी नाकारले, त्याने सरकारची टपालावरची नजर अशी चौकटीत घालून ठेवली, आणि तीही एक शब्द न लिहिता.

परंतु ब्रिटनमध्ये एकच ठिकाण पाहणे शक्य असेल, तर ते लंडन नव्हे, न्यूकॅसल आहे. १९४७मध्ये मोमाने श्विटर्सला मेर्त्सबाऊच्या डागडुजीसाठी एक हजार डॉलरची मदत मंजूर केली. हानोव्हरची वास्तू बेचिराख झालेली, लीसाकरची दूर राहिलेली. तेव्हा त्याने ती रक्कम अॅम्बलसाइडजवळच्या एल्टरवॉटर येथे नवी वास्तू उभारण्यासाठी वापरायचे ठरवले. हॅरी पीअर्स या उद्यानरचनाकाराच्या मळ्यात, जी जागा पूर्वी बंदुकीच्या दारूच्या कारखान्याची होती, त्याला दगडी कोठार मिळाले आणि हृदयविकाराने खंगलेल्या श्विटर्सने त्या वर्षी त्याची एक भिंत घडवायला घेतली. ८ जानेवारी १९४८ रोजी केंडल येथे त्याचा मृत्यू झाला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याची बातमी त्याच्या आदल्याच दिवशी आली होती. उरलेल्या भिंती कोऱ्याच राहिल्या, आणि गळक्या कोठारात ती एक भिंतही ओलीने खचू लागली. १९६५मध्ये न्यूकॅसल विद्यापीठात शिकवणाऱ्या रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराच्या पुढाकाराने ती मुळापासून कापून हॅटन कलादालनात आणली गेली आणि इमारतीच्या बांधकामातच बसवण्यात आली. हॅमिल्टन हा ब्रिटिश पॉप आर्टचा, म्हणजे जाहिराती आणि ग्राहकोपयोगी वस्तूंतून कला घडवणाऱ्या पिढीचा, एक प्रवर्तक, त्यामुळे ही सुटका नुसती परोपकाराची नव्हती. मुलगा बापाचे घर सोडवतो तसा तो व्यवहार होता.

ही भिंत प्रतिकृती नाही, हे तिचे पहिले मोल. गिलाव्याचे जाड, सावकाश वळणारे उठाव कोठाराच्या दगडांवरून पसरत जातात आणि त्यांच्यात आसपास सापडलेल्या वस्तू बुडालेल्या आहेत, जसे खिडकीची धातूची चौकट, झारीचे तोंड, रबरी चेंडू, मुळाचा तुकडा, ओढ्यातले गोटे. १९२०च्या कोलाजांतली शहरी घाई येथे संपलेली आहे. वस्तू तुकडा म्हणून ओरडत नाही, जमिनीतून उगवल्यासारखी दिसते. हानोव्हरच्या पांढऱ्या पुनर्रचनेनंतर येथे आले की श्विटर्सच्या हाताचे ठसे, गिलावा थापताना उमटलेली बोटे, प्रत्यक्ष दिसतात, आणि कागदाचे ओझे वाहणारा हा कलावंत शेवटी शिल्पाकडे, किंबहुना भूदृश्याकडे, वळत होता हे विधान पुस्तकातून नव्हे तर डोळ्यांनी पटते. याच दालनात श्विटर्सने छावणीत केलेले फ्रेड उलमन या सहबंद्याचे व्यक्तिचित्र आहे, तेही पाहून घ्यावे.

कारण व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे हा श्विटर्सच्या कामाचा असा भाग आहे, ज्याच्याबद्दल समीक्षक बराच काळ अवघडून बोलत आले. मेर्त्सचा जनक आयुष्यभर सरळ, शाळकरी म्हणावीत अशी वास्तववादी चित्रेही काढत राहिला. त्यांतील काही पोटासाठी होती, अॅम्बलसाइडला पर्यटकांना आणि शेजाऱ्यांना त्याने ती काही पौंडांत विकली, पण काही विकण्याचा प्रश्नच नव्हता अशा ठिकाणी, केवळ सवयीने आणि आवडीने, काढली. अॅम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आणि केंडलच्या अॅबट हॉलमध्ये यांपैकी काही पाहायला मिळतात. केवळ पोटापाण्याची कामे म्हणून ती बाजूला सारणे न्याय्य ठरणार नाही. सरोवर प्रदेशातील टेकड्या रंगवताना त्याने दगड, भिंती आणि गवत यांच्या रंगांचे जे तोल शोधले तेच त्याच गावातल्या कोलाजांत चॉकलेटच्या वेष्टनांत आणि कॉमिक्सच्या पानांत सापडतात, आणि दोन्ही एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात घडत होती. कोलाज पाहायला सरोवर प्रदेशात जाणाऱ्याच्या हाती बहुधा ही तैलचित्रेच लागतील. त्याने ती रांगेत पाहिल्यावर मग न्यूकॅसलच्या भिंतीकडे जावे, हा क्रम उलटा करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरतो.

एल्टरवॉटरचे मूळ कोठार अजूनही तेथे आहे, भिंत काढून नेल्याने जवळजवळ रिकामे. श्विटर्सही अॅम्बलसाइडला राहिला नाही: १९७०मध्ये त्याचे अवशेष हानोव्हरच्या एंगेझोडे दफनभूमीत नेण्यात आले आणि तेथे त्याच्याच १९२९च्या एका लहान शिल्पाची संगमरवरी प्रत थडग्यावर बसवली आहे, तर अॅम्बलसाइडच्या दफनभूमीत नावाचा दगड तेवढा उरला आहे. श्प्रेंगेल संग्रहालयाला भेट देणाऱ्याला एंगेझोडेचे हे थडगे त्याच दुपारी, तलावाच्या काठाने जाऊन, पाहता येते.